बिनपोचेचा अर्ज

आईच्या कपाटात साड्यांच्या खाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आप्पांनी दिलेल्या पोचा आहेत. 'फणस एक, कापा, मिळाला.' 'कोकमाचे आगळ, बाटली एक, मिळाली, झाकण सैल.' 'ओल्या काजूगरांची उसळ मिळाली, वाटी परत पाठवीत आहे.' प्रत्येकीखाली तारीख, वेळ आणि लफ्फेदार सही. आमच्याकडून आप्पांच्या घरी काहीही गेलं की रिकाम्या भांड्यातून ही चिठ्ठी परत यायचीच. त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, कपाळाला हात लावायची. शेजारणीच्या उसळीची पोच देणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसरा नसेल, असं म्हणायची आणि तीच चिठ्ठी जपून वाटीत ठेवून पाठवायची.

आप्पा आमच्या गावचे पोलीस पाटील. गाव पावसच्या वाटेवर, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कातळ. नाव मुद्दाम सांगत नाही, आई अजून तिथे राहते. पोलीस पाटील हा पोलीस नसतो. गावात काही घडलं तर ठाण्यात कळवायचं, ठाण्यातून कोणी आलं तर घर दाखवायचं आणि साहेबांना शहाळं पाजायचं, एवढ्यावर बहुतेकांची कारकीर्द निघते. आप्पांनी मात्र ती नेमणूक फारच मनावर घेतली होती. उंच, खांद्यातून किंचित वाकलेले, पांढरा लेंगा, सदऱ्याच्या खिशाला एक निळं आणि एक काळं पेन. बगलेत औषधाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात संविधानाचं पुस्तक. पावसाळ्यात स्वतः भिजत, पण पिशवीचं तोंड रबराने बांधलेलं असे. कोणी काही विचारलं की "बगूया, काय लिवलाय" असं म्हणून जिभेला बोट लावत आणि पान काढत. पान त्यांना पाठ असे, तरी काढत. माणसं वाट बघत थांबलेली त्यांना आवडायची, हेही खरं.

आंब्याच्या दिवसांत आमच्याकडच्या बागांत नेपाळी राखणदार असतात. गाव सगळ्यांना बहादूर म्हणतं. एका बागेतून भरलेल्या पेट्या नाहीशा झाल्या आणि बागवाल्याने बहादुरावर संशय घेतला. सकाळी मोटारसायकलवरून दोन पोलीस आले आणि त्याची कॉलर धरून त्याला मधे बसवायला लागले. आप्पा तेव्हा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण, तसेच रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि विचारलं, अटक करताय की नुसतं विचारायला नेताय? हवालदार हसला. आप्पा हसले नाहीत. अटक असेल तर कारण सांगा, त्याला कळेल अशा भाषेत सांगा, वकील बघू दे त्याला, आणि उद्या या वेळेच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा, हे त्यांनी कलम बावीसमधून वाचून नव्हे, तोंडपाठ सांगितलं, कारण पिशवी घरात राहिली होती. शिवाय नातेवाईकाला कळवायला लागतं, असंही वर जोडलं. हवालदार म्हणाला, त्याचे नातेवाईक नेपाळात, कळवू कुणाला?

"माजा नाव घाला," आप्पा म्हणाले.

नातं काय लिहू, म्हणून त्याने चिडवायला विचारलं.

"गाववाला लिवा."

मग तोंड धुऊन, दुसरा गालही करून, पुढच्या एसटीने आप्पा डबा घेऊन ठाण्यात गेले. जाण्याआधी त्याला त्याचं खरं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं होतं. इतकी वर्षं गावात असून आम्हा कुणाला ते माहीत नव्हतं. संध्याकाळच्या आत बहादूर सुटला, कारण कारणाच्या रकान्यात लिहायला पोलिसांकडे काही नव्हतं. पेट्या बागवाल्याच्या भाच्यानेच विकल्या होत्या, हे पुढे निघालं. बहादूर पुढच्या हंगामाला येताना आप्पांसाठी तुपाचा डबा घेऊन आला. त्यालाही आप्पांनी पोच दिली, आणि ती त्याला वाचता येत नव्हती म्हणून वाचून दाखवली.

माझे वडील जहाजावर खलाशी होते. ते गेले आणि वर्षाच्या आत चुलत्याने आमच्या काजूच्या जागेतून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. आई विचारायला गेली तर कोयता दाखवला. आई चौथीपर्यंत शिकलेली, ठाण्याच्या आवारात कधी पाय न ठेवलेली. आप्पा तिला घेऊन गेले, मीही बरोबर होते. ठाण्यातल्या अंमलदाराने ऐकून घेतलं आणि ही जमिनीची भानगड आहे, आपसात मिटवा, असं सांगितलं. आप्पांनी वाद घातला नाही. जमिनीचं कोर्टात बघू, कोयत्याचं इथे लिहून घ्या, एवढं म्हणाले आणि बाकावर बसले. दुपारी डबा उघडला, आईला भाकरी दिली, अंमलदारालाही विचारलं. चारच्या सुमारास तो कंटाळला आणि लिहायला बसला. लिहून झाल्यावर आप्पांनी कागद आईच्या हातात दिला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं म्हणाले. आई एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचू लागली, आणि अख्खं ठाणं तिचं वाचन ऐकत होतं. 'किरकोळ बाचाबाची' या शब्दांशी ती अडली. बाचाबाची नव्हती, कोयता होता, म्हणाली. अंमलदाराने ते खोडलं आणि कोयता लिहिला.

येताना एसटीच्या थांब्यावर आप्पा तिला म्हणाले, "वयनी, ठाण्याची पायरी चडायला कोनाची परवानगी लागत नाय." त्यानंतर आई गावातून चालताना मान वर करून चालायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी पुढे रत्नागिरीत एका वकिलांकडे टायपिंगला लागले तेही त्या दिवसामुळेच. माझ्या नोकरीचे पेढे खाताना आप्पांनी मला एकच गोष्ट बजावली होती. सरकारी माणसाच्या हातात कागद द्यायचा तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. तो माणूस कितीही गोड असो, आपल्या नात्यातला असो. पोच नसेल तर तो कागद तू दिलाच नाहीस, असं समज.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात यायला हवी होती. गावकीची बैठक देवळाच्या सभामंडपात व्हायची. तिथे आप्पा मागच्या खांबाला टेकून बसत आणि चकार शब्द काढत नसत. ठाण्यात साहेबाला शब्दात पकडणारा माणूस गावातल्या मानकऱ्यांपुढे गप्प का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला वाटायचं, देवळात बोलत नाहीत, मर्यादा पाळतात.

पालखीच्या वाटेवरून गावात तंटा झाला आणि एका घराने ठाण्यात तक्रार केली. मानकऱ्यांना साहेबांपुढे उभं राहावं लागलं. त्याचा राग म्हणून गावकीने ठराव केला: यापुढे गावातल्या कोणीही गावकीला विचारल्याशिवाय पोलिसांत किंवा कोर्टात जायचं नाही. वही घरोघर फिरली. ज्यांनी तक्रार केली होती त्यांनीही सही केली आणि मुंबईला मुलाकडे निघून गेले. आप्पा त्या दिवशी कसल्याशा बैठकीला रत्नागिरीत होते. वही आमच्याकडे आली तेव्हा आईने ती हातात घेतली, पायरीवर बसली आणि पहिल्यापासून वाचली. आणणारे घाईत होते. सगळ्या गावाने केल्यात, तू कर, म्हणाले. आईने वही मिटून परत दिली.

"वाचून झाला माजा. हेच्यावर मी सही करनार नाय."

आठ दिवसांत आम्हाला वाळीत टाकलं. कोणी येऊन सांगत नाही, आपल्यालाच कळत जातं. मासेवाली दारावरून हाक न मारता जायला लागली, म्हणून मी दर शनिवारी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बांगडे घेऊन गावी जायला लागले. गिरणीवाला पीठ बंद आहे म्हणायचा आणि आत गिरणी चालू असायची. काजू गोळा करायला बाया येईनात. विहिरीवर आईला कोणी अडवलं नाही, ती आली की बाकीच्या आपापल्या कळशा उचलून निघून जायच्या, अर्ध्या भरलेल्या असल्या तरी. चाळीस वर्षं ज्यांच्या बरोबर लावणी केली त्या बायका. आई म्हणायची, पाणी तरी मिळतंय. मग शिमगा आला. आईने अंगण सारवलं, रांगोळी घातली, नारळ आणि हार घेऊन दारात उभी राहिली. ढोल वळणापर्यंत आले. आमच्या गडग्याशी पालखी थोडी थांबल्यासारखी झाली आणि पुढच्या घराकडे वळली. तिच्या मागून आप्पा चालत होते. पोलीस पाटलाने पालखीबरोबर राहायचं असतं, त्यांची ड्यूटीच ती, असं मी मनाला सांगितलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आई ढोलांचा आवाज खालच्या वाडीत जाईपर्यंत नारळ घेऊन तशीच उभी होती.

वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, त्याला कायदा आहे. मी ऑफिसात बसून अर्ज टाइप केला. कोणी, कधी, काय केलं, सगळं नावांनिशी. दुसऱ्या दिवशी तो घेऊन सरळ ठाण्यात जायला हवं होतं. इथे आम्ही चुकलो, आणि ही चूक आमच्या गावचीच माणसं करू जाणे. आप्पांना डावलून ठाण्यात जायचं म्हणजे आप्पांवर आमचा भरवसा नाही असं गावाला सांगण्यासारखं. आधी त्यांच्या हातात दे, आई म्हणाली, त्यांना काय वाटेल?

आप्पांकडे गेले. काकी पुढच्या खोलीत खाटेवर होती. दिवाळीपासून तिचं एक अंग गेलं होतं, बोलणंही. मला बघून तिचे डोळे भरले. आप्पांनी अर्ज ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एक तारीख चुकली होती, ती दाखवली. चांगला लिवलायस, म्हणाले, मी स्वतः नेऊन देतो. माझ्या पिशवीत दुसरी प्रत होती. पोचेसाठीच काढलेली. ती बाहेर काढायला माझा हात झाला नाही. ज्याने पोच घ्यायला शिकवलं, त्याच्याकडेच पोच कशी मागायची? घरी येताना वाटेत मनात आलं की वाटीभर उसळीची पोच देणाऱ्या माणसाने आज आपल्याला काहीच दिलं नाही. ठाण्यातून शिक्का मारून आणतील, म्हणून गप्प बसले.

पावसाळा सरत आला. विचारलं की आप्पा चौकशी चालू हाय म्हणायचे. गणपतीत आमच्याकडे आरतीला आई आणि मी, दोघीच. शेवटी मी एकटी ठाण्यात गेले. असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, तिथल्या बाई म्हणाल्या, उलट तुमच्या गावाबद्दल पोलीस पाटलांचा अहवाल आहे. मी माहितीच्या अधिकारात त्याची नक्कल मागितली. अर्ज कसा करायचा, तेही आप्पांनीच शिकवलेलं. महिन्याने ठाण्यात जाऊन नक्कल घेतली, ती त्यांच्या हस्ताक्षरात, निळ्या पेनाची असावी. आमचा अर्ज त्यांच्या हातात दिल्यानंतर दोन दिवसांची तारीख होती. 'गावात शांतता आहे. कोणाही कुटुंबास वाळीत टाकलेले नाही. सदर महिला स्वभावाने एकलकोंडी असून स्वेच्छेने कोणाकडे जात-येत नाही.' खाली लफ्फेदार सही. ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे. मानकऱ्यांनी आम्हाला गावाबाहेर काढलं तेव्हा मला राग आला होता. ही ओळ वाचली तेव्हा रागही आला नाही. मी ठाण्याबाहेरच्या चहावाल्याच्या बाकावर बसून राहिले.

तो कागद घेऊन तशीच आप्पांकडे गेले. ते काकीला चमच्याने पेज भरवत होते. कागदाकडे बघून त्यांनी ओळखलं. नाकारलं नाही. पेज संपवली, तिचं तोंड पुसलं, मग मला पडवीत घेऊन आले आणि दार ओढून घेतलं.

"मानकऱ्यांनी मला सांगितला, अर्ज पुडे गेला तर माजा घर पन त्याच यादीत. तुझ्या काकीचा किती राह्यलाय? दोन महिने, चार महिने. तिला उचलायला चार मानसा नकोत? मी एकटा नेऊ तिला खाडीवर?"

वाळीत टाकलेल्या घरात मेलेल्या माणसाला कोणी खांदा देत नाही, हे आमच्याकडच्या पोरासोरांना माहीत असतं. पण मग नुसतं 'मला माहीत नाही' लिहायचं. एकलकोंडी हा शब्द कुठून आणलात, मी विचारलं. कायतरी लिवायला लागता, आप्पा म्हणाले. आमचा अर्ज परत मागितला, तर ठेवलाय म्हणाले, आणि आत निघून गेले. त्यांची भीती मला कळली होती. नेपाळातल्या माणसासाठी रस्त्यात उभा राहणारा हा माणूस, माझ्या आईचं नाव आलं तेव्हा कुठे गेला, ते कळलं नाही. वर्षानुवर्षं त्यांनी आम्हाला दुसऱ्यांच्या दारातला कायदा शिकवला होता. आम्ही तो खरा मानून त्यावर पाय ठेवला, आणि ज्याच्या शब्दावर ठेवला त्यानेच खालची फळी काढून घेतली. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले नाही, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

मी आईला म्हटलं, आता रत्नागिरीला मोठ्या साहेबांकडे अर्ज करूया, अहवाल जोडून. आईने मोडता घातला. अहवाल जोडला की आप्पांचं नाव येणार, त्यांची पाटीलकी जाणार, आणि काकी खाटेवर. काकी आणि आई एकाच माहेरच्या, एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. तिच्या डोळ्यांदेखत नको, एवढंच ती म्हणायची. माझं आईशी भांडण झालं. तू एकटी अशीच मरशील इथे, असं मी तिला बोलून गेले. ती भाकऱ्या थापत होती, थापत राहिली.

मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी काकी गेली. आम्हाला कोणी कळवलं नाही. रडणं ऐकू आलं. आईने कपाटातून कोरी हिरवी साडी आणि खण काढला. दोघींचं आधी कधीतरी ठरलं होतं म्हणे, जी आधी सवाष्ण जाईल तिची ओटी दुसरीने भरायची. वडील गेल्यावर आईला ओटी भरता येत नव्हती, पण साडी तिने घेऊन ठेवली होती. खण-नारळ भरायला दुसरी सवाष्ण बघतील, साडी तरी माझी नेसवू दे, असं म्हणत ती निघाली. मी मागून.

आप्पांच्या अंगणात सगळं गाव होतं. तिरडी बांधून झाली होती. आई गडग्याच्या आत आली आणि बोलणं थांबलं. दोरीची गाठ मारत असलेला मोठा मानकरी उठून उभा राहिला, दोरी खाली टाकली आणि बाजूला झाला. त्याच्या मागून बाकीचेही झाले. आई चालत पायरीपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी साडी पुढे केली. आप्पा पुढे आले. हात साडीपर्यंत आला होता. मग त्यांनी मानकऱ्याकडे पाहिलं, आणि तो हात मागे गेला.

"वयनी, तू जा," ते म्हणाले. "तू हायस तोवर ते उचलनार नायत."

आणि आईपुढे हात जोडले. आईने उंबऱ्यातून आत, काकीच्या तोंडाकडे एकदा बघितलं. साडी पोटाशी धरली आणि वळली. गडग्याशी आल्यावर मी मागे पाहिलं. आप्पा अजून तसेच हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे माणसं तिरडी उचलायला पुढे होत होती. चार लागतात, दहाजण होते. आप्पांना मी नीट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. त्यानंतर रस्त्यात ते दिसले की मी वाट बदलते.

घरी येऊन आईने डोक्यावरून पाणी घेतलं. काकीच्या नावाने दिवा लावला. साडी घडी करून कपाटात ठेवली. मग ओल्या केसांनी पायरीवर येऊन बसली आणि मला कागद-पेन आणायला सांगितलं.

"तुझा तो अर्ज लिव आता. मोठ्या साहेबांचा."

मी विचारलं, नावं सगळी घालू? मानकऱ्यांची घालायची, ती म्हणाली. गिरणीवाल्याचं नको, तो गरीब आहे, घाबरतो. मी पेन उघडून थांबले. आप्पांचं विचारायला माझा जीव होत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, समोर अंगणाकडे बघत होती.

"पयला त्यांचाच घाल," आई म्हणाली.